हूणांची वही

धानोऱ्याच्या शाळेत माझे पती इतिहास शिकवायचे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पाठ्यपुस्तकात हूणांवर चारच ओळी होत्या. आले, लढले, हरले, एवढंच. ते त्यांना पटेना. त्यांनी नागपूरहून दोन जाड इंग्रजी पुस्तकं मागवली आणि मुलांसाठी मराठीत एक वही लिहायला घेतली.

श्रावणात त्यांना हिवताप आला. हात इतका थरथरे की टाक धरवेना. मग ते पडल्यापडल्या सांगत आणि मी लिहून घेई. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर बरं होतं. भर दौडीत घोड्यावरून बाण मारणारे ते लोक, रोमच्या बादशहालाही नमवणारा त्यांचा राजा. दुपारी ताप उतरला की तासभर आमचं काम चाले.

शेजारची म्हातारी गुळवेलीचा काढा घेऊन यायची आणि दाराशी बसून ऐकायची. एके दिवशी सांगता सांगता ते हूणांच्या शेवटाकडे आले होते. राजा लग्नाच्या रात्रीच मेला, मुलं राज्यासाठी भांडली, अंकित टोळ्या उलटल्या आणि थोड्याच वर्षांत सारं संपलं.

म्हातारीनं विचारलं, "मंग गुरुजी, त्याईच्या बाया अन् लेकरं कुठी गेले?"

त्यांनी उशाशी ठेवलेलं जाड पुस्तक चाळून पाहिलं. "पुस्तकात नीट सापडत नाही, बाई."

"काऊन नाई?"

"लिहिणाऱ्यांनी विचारलंच नसेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हेच लिही. ठाऊक नाही, असं लिही."

त्यांच्या तोंडून मी लिहून घेतलेलं ते शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. गडचिरोलीच्या दवाखान्यासाठी बैलगाडी जुंपली, पण वाटेत नाल्याला पूर होता. पाणी ओसरायच्या आत, काठावरच ते गेले. म्हातारी गाडीत सोबत होती. तिनंच त्यांचे डोळे मिटले. "रड बाई, रडून घे," ती म्हणाली. मला रडू येईना.

तेराव्यानंतर मुख्याध्यापक वही मागायला आले. "अपुरी आहे," मी म्हणाले. त्यांनी पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मला मराठीत समजावून सांगितलं. उरलेले हूण पांगले, काही रोमच्या सैन्यात गेले, काही सरहद्दीवर वसले, आणि पुढे त्यांची वेगळी ओळखच राहिली नाही. ते मी माझ्या शब्दांत लिहिलं.

"वर्गात तुम्हीच वाचा," ते म्हणाले.

माझ्या पतींच्या टेबलापाशी उभी राहून मी वाचलं. राजाच्या मरणापाशी येऊन मी थांबले. मुलं खाली मान घालून बसली होती. त्या वर्गात मी पहिल्यांदा रडले, आणि डोळे पुसून उरलेली पानं वाचून पूर्ण केली.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनीच माझा अर्ज भरून मला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला पाठवलं. बसपाशी म्हातारी आली होती. "शिकून इथीच ये," एवढंच ती बोलली.

मी धानोऱ्यालाच परतले. तोवर म्हातारी गेली होती. तिच्या नातीला मी पहिलीत बसवलं.