टरफलची आठ गाणी

अख्ख्या खानदेशात माझ्या मामेभावाइतका गोंगाटावर जीव टाकणारा माणूस दुसरा नसेल, आणि त्याच्याइतकं हळू बोलणाराही नसेल. जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये तो फिटर आहे. दिवसभर मोटारींच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असते. हा घरी येऊन मामीचा मिक्सर मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. ती चटणी वाटायला लागली की म्हणायचा, "आई, अजून थोडे दाणे घाल ना." पोराला आपल्या हातची चटणी आवडते, या समजुतीत मामीची कितीतरी वर्षं सुखात गेली. एका लग्नात सगळे पंगतीत बसले असताना हा मांडवामागे जनरेटरपाशी उभा होता. नवरीच्या वडिलांनी विचारलं, "जेवण कसं झालं, भाऊ?" हा अदबीने म्हणाला, "जेवण चांगलं होतं असं ऐकलं. जनरेटर मात्र फार सुंदर आहे."

अशा माणसाला जोडीदार मिळाला तो अमळनेरचा. गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करणारा, लग्नसराईत बँडमध्ये वाजवणारा आणि उरलेल्या वेळात ड्रमवर तुटून पडणारा. दोघांनी 'टरफल' नावाचा बँड काढला. त्यांच्या संगीताला नॉइज रॉक म्हणतात. मला दादाने, म्हणजे या मामेभावाने, ते असं समजावलं होतं : गिटार आणि स्पीकर यांचं भांडण लावून द्यायचं आणि सोडवायला जायचं नाही. मामा सोडवायला जायचे. "अरे, गल्लीत माणसं राहतात!" एवढंच ओरडून ते कानात कापूस घालून बसत.

मग दोघांनी अल्बम करायचं ठरवलं, खऱ्याखुऱ्या स्टुडिओत. जळगावात जो स्टुडिओ परवडला तिथे हळदीची गाणी आणि आरत्या रेकॉर्ड होत. पहिल्या रविवारी मी बरोबर होतो. गिटारने अशी काही किंकाळी फोडली की स्टुडिओवाला वायरी तपासत धावत आला. "भाऊ, मशीनमध्ये काहीतरी फॉल्ट आहे. मी तो आवाज काढून टाकतो."

"तो काढला तर गाण्यात उरेल काय?" दादाने फार नम्रपणे विचारलं. ड्रमवाला हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी राहिला.

सात रविवारांत सात गाणी झाली. आठव्या रविवारच्या आधी ड्रमवाला शिरपूरकडे एका लग्नात वाजवायला गेला. परतताना सोनगीरजवळ भर दुपारी ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दादा रडला नाही. मिलमध्ये जात राहिला. महिन्याभराने स्टुडिओवाल्याचाच फोन आला. त्याने चांगल्या मनानेच सुचवलं की आठव्या गाण्यात कॉम्प्युटरचे ड्रम टाकता येतील, कोणाला कळणारही नाही. "मला कळेल," दादा म्हणाला. आठवं गाणं त्याने एकट्याने वाजवलं. ड्रमच्या जागा तशाच मोकळ्या सोडल्या.

अल्बम इंटरनेटवर आला, मोजक्या लोकांनी ऐकला. पण एका माणसाला तो ऐकवायचं धाडस दादाला तीन महिने झालं नाही. ड्रमवाल्याच्या आईला, अक्कांना. "रविवारचं गॅरेज बुडवून मीच त्याला इकडे बोलवायचो. त्या म्हणतील, या असल्या आवाजासाठी?" शेवटी मीच त्याला अमळनेरच्या एसटीत बसवलं आणि सोबत गेलो.

अक्कांनी चहा दिला आणि समोर बसल्या. दादाने छोटा स्पीकर मांडला. पहिली दोन गाणी त्यांनी पदर मुठीत धरून सोसली. तिसरं गाणं सुरू होण्याआधी स्पीकरमधून ड्रमवाल्याचा आवाज आला : "एक, दोन, तीन..." आणि मध्येच तो खळखळून हसला, मग पुन्हा, "एक, दोन, तीन, चार!" आणि गिटार कोसळली.

अक्का ताडकन उठल्या. "बंद कर! हाऊ मना पोऱ्याना आवाज शे."

दादाने घाईघाईने स्पीकरकडे हात नेला. त्याने गाणं थांबवलं. "चुकलं, अक्का."

"इतलंच आखो लाव."

त्याने पुन्हा लावलं. चार म्हणून झालं की, गिटार सुरू व्हायच्या आत, तो थांबवायचा. मग पुन्हा सुरुवातीला न्यायचा. किती वेळा, कोण जाणे. अक्का स्पीकरजवळ सरकत गेल्या. "घरमा तो कधी असा हासना नही," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती ती, नवल होतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आते तुनं बी लाव."

"माझी गिटार फार कर्कश आहे, अक्का."

"लाव."

त्या दिवशी आठही गाणी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. शेवटच्या गाण्यात मध्ये मध्ये नुसतीच शांतता यायची. त्यांनी दादाकडे पाहिलं, आणि आमच्यासमोर कधी न रडलेला तो माणूस त्यांच्या ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून रडला.

आता तो गिटारला हात लावत नाही. बहुतेक रविवारी अमळनेरला जातो. मी एकदा विचारलं, "दादा, तिथे दिवसभर करतोस काय?"

"अक्का त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात," तो म्हणाला. "मी ऐकतो."