धोंडुकाकीने कॅमेरा घेतला

धोंडुकाकीला काही शिकवायला जाऊ नये. शिकवणारा तोंडघशी पडतो, आणि बहुतेक वेळा तो शिकवणारा मीच, कमळाकर, असायचो.

हमरापूरला तिचा गणपतीचा कारखाना. नवरा गेल्यावर, मुलगा मिथुन लहान असताना, तिने तो एकटीने चालवला. पेणला रामवाडीत माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान. नव्याण्णव साली तिच्याकडचे रबरी साचे गायब व्हायला लागले. साचा गेला म्हणजे आपलीच मूर्ती उद्या दुसऱ्याच्या कारखान्यात! सगळ्यांनी लगेच शिवाचं नाव घेतलं. शिवा खाडीकडचा, मिठागरावरच्या घरातला, दोन लेकरांचा बाप. काकीकडे प्लास्टर कालवायचा.

"काढून टाक त्याला," भाऊबंद म्हणाले.

"आधी डोळ्यांनी बघीन," काकी म्हणाली, आणि मला घेऊन रोह्याला निघाली.

तिथे कंपन्यांना पहाऱ्याचे कॅमेरे पुरवणारं एक दुकान होतं. दुकानदाराने रंगीत कॅमेरा काढला. मीही शहाणपणा केला, "काकी, रंगीतच घे."

"मला काय चोराचं लगीन लावायचंय? शटर ओढा आधी!"

भरदुपारी दुकानाचं शटर ओढायला लावलं हो तिने! रंगीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर मिट्ट काळोख. दुसरा स्वस्तातला, तोही आंधळा. तिसऱ्याच्या भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं होतं. चित्र काळंपांढरं, पण त्या अंधारात माझा चष्मासुद्धा स्पष्ट दिसला.

"ह्योच द्या. आणि कॉम्प्युटरला जोडायचं ते कार्ड ह्याच भावात बसवा."

दुकानदार नाही नाही म्हणत शेवटी बसवून मोकळा झाला. काय बाई होती!

साच्यांच्या खोलीत कॅमेरा लावला, वायर शेजारच्या खोलीत नेऊन माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. आठवड्याच्या आत आणखी एक साचा गेला. सकाळी सगळे रात्रीचं चित्रण बघायला पडद्यासमोर जमले. दिसला तो पाठमोरा माणूस, अंगात पांढरा शर्ट. झालं! शिवा बारा महिने पांढराच शर्ट घालायचा.

"मी नाय, काकी. पोरांची शपथ," तो हात जोडून म्हणाला. आपणच आणलेल्या यंत्राने गरिबाचा गळा कापला असं वाटलं.

काकी मात्र पडद्याला नाक लावून बसलेली. "त्याच्या मागचा गणपती बघा. त्याचा शेला कालच मी लाल मारलाय, माझ्या हातानं. हितं पांढरा कसा?"

मी उठून एक लाल फडकं आणलं, साच्यांच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडे पडद्यावर पांढरंशुभ्र! त्या दिव्यांच्या उजेडात लालसुद्धा पांढरंच दिसत होतं.

"म्हंजे शर्ट कसला पण असंल," काकी म्हणाली. शिवाने जोडलेले हात खाली घेतले.

"मग चोर कोण ते आता कळायचं नाही," मी म्हटलं.

"परत दाखव."

परत दाखवलं. आणि या वेळी सगळ्यांनीच बघितलं. त्या माणसाने उचलायच्या आधी साच्याला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. काकीच्या कारखान्याची ती रीत. नमस्कार केल्याशिवाय साचा जागचा हलवायचा नाही. आणि घरच्यांशिवाय साच्याला कुणी हात लावत नसे. शिवाने तर कधीच नाही. घरचे म्हणजे कोण? काकी, आणि तिचा मुलगा मिथुन.

मिथुन दारातच उभा होता, मान खाली घालून.

मला वाटलं, आता काकी कॉम्प्युटर बंद करायला सांगेल. आई होती ना ती! माझा हात बटणावर गेलासुद्धा.

"ऱ्हाऊ दे चालू," ती म्हणाली. मग मिथुनकडे वळली, आणि तिचा आवाज फाटलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "चोरी करताना पण नमस्कार केलास रं?"

मिथुन रडायला लागला.

"ज्याला विकलेस त्याच्याकडनं साचे घेऊन ये. आणि आधी शिवाची माफी माग, समद्यांसमोर."

"जाऊ दे काकी," शिवा पुटपुटला, "माझं काय गेलं नाय."

"तू गप बस," काकी म्हणाली. "माझं गेलंय."