ईशूच्या नावावरचे आंबे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि देवळात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. संध्याकाळी सहाच्या आत मला हे एकदा कोणाला तरी सांगून बघायचंय. सहाच का, ते कळेल पुढे.

आणि हसू नका. बरं, हसा. गोष्ट आहेच तशी — एकसष्ट वर्षांच्या बाईने चार वर्षांच्या पोरीचा खेळ पळवला, याला दुसरं काय करणार?

आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, मुलगा संतोष, सून स्नेहल आणि नात ईश्वरी, म्हणजे ईशू. संतोष नोकरीला पुण्यात, शनिवारी येतो, रविवारी जातो. स्नेहल बँकेत. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून कारकुनी केली आणि निवृत्त झाले. आता सांगते ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ईशू तेव्हा गुटगुटीत होती. आम्हाला कौतुक होतं त्याचं, पण दोन जिने चढली की तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, औषध काही नको, हिला पळवा, रोज तासभर अंग हलू दे.

पळवा — पण कुठे? खाली पार्किंगमध्ये गाड्या, बाहेर रिक्षा आणि बस. आणि आमचं सोलापूरचं ऊन! मार्च लागला की सकाळी दहानंतर गच्चीवर अनवाणी पाय ठेवून दाखवा. मग स्नेहलने टीव्हीला जोडायचा खेळ आणला. वर एक छोटा कॅमेरा बसतो. आपण समोर उभं राहायचं. आपण उडी मारली की पडद्यावरचा ससा उडी मारतो, आपण डावीकडे सरकलो की तोही सरकतो, आणि वरून आंबे पडतात ते टोपलीत धरायचे. खेळ सुरू करताना खेळणाऱ्याचं नाव निवडायचं. नाव एकच होतं — ईशू. किती उड्या, किती आंबे, किती मिनिटं, सगळं त्या नावावर जमा होई आणि स्नेहलला बँकेत बसून मोबाईलवर दिसे.

बालवाडीतून ईशू आली की अकरा ते बारा खेळ घ्यायचा, हे काम माझं. पहिले आठ-दहा दिवस मी ते नीट केलं, हे खरं आहे. ईशू नाचायची, आंबे सुटायचे, ससा पडायचा, आम्ही दोघी खिदळायचो.

मग एक दिवस तिला ती तिरकी उडी जमेना. मी म्हटलं, थांब, दाखवते. पदर खोचला. घडी करून अंथरलेल्या चादरीवर उभी राहिले आणि मारली उडी.

काय सांगू तुम्हाला!

ससा वर गेला. मी वर गेले म्हणून तो गेला! आंबा टोपलीत पडला, टाळ्या वाजल्या, रंगीत तारे उडाले — माझ्यासाठी. मी मैंदर्गी गावची. दहाव्या वर्षी अव्वाने, म्हणजे आईने, अंगणातला लंगडीचा डाव मोडून मला आत नेलं आणि सांगितलं की आता मोठी झालीस, उड्या पुरे. त्यानंतर मी उडीच मारलेली नव्हती. पन्नास वर्षं! हे मी सबब म्हणून सांगत नाही. उडी मारल्यावर छातीत जे काय झालं ते कशामुळे झालं असेल, याचा नंतर विचार केला, तेव्हा हे आठवलं इतकंच.

त्या दिवशी मी अकरा आंबे धरले. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ झाल्यावर साडीऐवजी गाऊनच घातला, कारण निऱ्या पायात येत होत्या. बघा, तयारी बघा माझी! भाजी निवडताना माझं लक्ष घड्याळाकडे. रिक्षातून ईशू उतरली की तिच्यापेक्षा मला घाई. गुडघे दुखायचे, पण गोड दुखायचे. पस्तिसाव्या आंब्यानंतर कलिंगडं पडायला लागतात, ती चुकवायची असतात, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटीच ओरडले.

एकटीच — कारण ईशू सोफ्यावर होती. तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू होता. मी दिलेला.

सुरुवातीला ती उठून यायची, गाऊन ओढायची, म्हणायची, आजी, आता मी. मी म्हणायची, हा एकच डाव. तो झाला की अजून एक. मग मी तिला काम दिलं — तू मोज. आणि ती मोजायला लागली. पोरगी चार वर्षांची, पण महिन्याभरात शंभराच्या पुढेही आकडे चुकत नव्हती. बालवाडीच्या बाईंनी कौतुक केलं, घरी चांगला अभ्यास घेता म्हणून. मी मान डोलावली.

आणि एकदा माझा डाव रंगात आला होता, दीडशे आंबे झाले होते, आणि ती मध्ये आली. कॅमेऱ्यासमोर. ससा गोंधळला. मी तिला हाताने बाजूला सारलं. सारलं नाही, ढकललं. ती सोफ्याच्या कडेवर आपटली. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, एकशे बावन्न. ती मोजतच होती! मी तिला जवळ घेतलं का? घेतलं, पण डाव संपल्यावर.

खालच्या मजल्यावर लक्ष्मीबाई राहतात. त्यांच्याकडे पूर्वी माग होते. त्या एकदा वर आल्या. "अहो आजी, दुपारच्याला लई धपाधपा आवाज येतोय की वो. पोरगी एवढी जड उडी मारतीय व्हय?" मी हसून म्हटलं, "पोरं ती, काय करणार?" ईशू माझ्या मागे उभी होती. लक्ष्मीबाई गेल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आपलं गुपित हं. आईला सांगायचं नाही. तिला गुपित हा शब्द फार आवडला.

तिकडे स्नेहल खूश! दोनशे आंबे, चाळीस मिनिटं, साडेतीनशे उड्या. बँकेतल्या बायकांना मोबाईल दाखवायची. घरी आली की ईशूला उचलून गरगर फिरवायची, माझी वाघीण म्हणायची. ईशू माझ्याकडे बघून ओठ दाबून हसायची. मला त्या वेळी लाज वाटली असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू? मला अभिमान वाटायचा. दोनशे आंबे सोपे नसतात.

चार महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. वजन वाढलेलं. धाप तशीच. डॉक्टर म्हणाले, खेळत नाही वाटतं? स्नेहलने मोबाईल काढून पुढे केला, रोजचे आकडे, रविवार सोडला तर एकही दिवस चुकलेला नाही. डॉक्टरांनी ते बराच वेळ पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. इतकं हलूनही असं असेल तर मग बघायला हवं, म्हणाले. रक्त. थायरॉईड. हृदयाची सोनोग्राफी.

मी तिथेच बसले होते. स्नेहलच्या शेजारच्या खुर्चीत. एक वाक्य होतं — 'डॉक्टर, त्या उड्या माझ्या आहेत.' किती सेकंद लागले असते? चौतीस वर्षं मी कचेरीत लोकांचे खोटे दाखले पकडले, आणि माझ्या नातीच्या नावावरचा खोटा आकडा समोर असताना मी पर्सची चेन लावत बसले.

रक्त काढताना शीर सापडेना. एका हातात दोनदा, मग दुसऱ्या हातात. ईशू माझ्या मांडीवर होती, कारण स्नेहलला बघवेना, ती बाहेर गेली. मी पोरीचा हात घट्ट धरला, हलू नये म्हणून. ती किंचाळली, मग दमली, मग माझ्या कानाशी तोंड आणून हुंदके देत म्हणाली, "आजी, मी सांगितलं नाही हं."

सगळे रिपोर्ट चांगले आले. सुटले, असं मला वाटलं. पण आईचं मन कुठे सुटतं? सापडलं नाही म्हणजे नाहीच असं थोडंच, असं स्नेहलच्या डोक्यात बसलं. "माझ्याच पोटात असताना काही झालं असेल," ती एकदा म्हणाली आणि ओट्याशी उभी राहून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवला मी! तिने तो खेळ काढून माळ्यावर ठेवला, पोरीच्या हृदयावर ताण नको म्हणून. मला दोन दिवस चैन पडलं नाही. त्यातला एक दिवस तरी खेळासाठी होता, हेही सांगून टाकते.

आता ईशू दुसरीत आहे. उंच झाली, गुटगुटीतपणा गेला, जिने चढते, धाप लागत नाही. पण स्नेहल तिला पळू देत नाही. दर वर्षी क्रीडा दिनाआधी शाळेला चिठ्ठी जाते, प्रकृतीच्या कारणाने भाग घेणार नाही. मैदानावर बाकीची पोरं धावतात आणि ईशू कडेला बाईंजवळ बसून फेऱ्या मोजते. बाई म्हणतात, तिच्यासारखं अचूक कोणी मोजत नाही.

यंदाची चिठ्ठी स्नेहलने आज सकाळी लिहिली आणि दप्तरात ठेवायला माझ्याकडे दिली. ईशू बूट घालत होती. तिने विचारलं, "आजी, यंदा पण मी मोजायलाच ना?" तक्रार नव्हती तिच्या आवाजात. गुपितातल्या एका माणसाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं.

चिठ्ठी मी दप्तरात ठेवली नाही. ती माझ्यासमोर आहे. ईशू खाली लक्ष्मीबाईंकडे चित्र काढत बसली आहे. मी स्टुलावर चढून माळ्यावरचा तो खेळ काढला, पुसला, टीव्हीला जोडला. सुरू होतो का, बघत होते. झाला! तोच ससा, तेच तारे. छाती अशी धडधडायला लागली की हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. वरच्या कोपऱ्यात अजून लिहिलेलं आहे — ईशू, सर्वाधिक आंबे चारशे बारा.

सहाला पाच कमी आहेत. खाली स्कूटी लावल्याचा आवाज आला. स्नेहलला लिफ्टची वाट बघायचा कंटाळा, ती जिन्यानेच येते. दारातच सांगणार आहे, ती चप्पल काढायच्या आत. ती काय म्हणेल ते म्हणेल. वाक्य पाठ आहे, तीन वर्षं पाठ आहे.

स्नेहल, ते आंबे मी धरले.