सुट्टी कोणाला मागता?

जिचा उजवा हात गेला त्या बाईचं नाव लिहीत नाही, पण तो दिवस डोक्यातून हललेला नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, दिवाळीनंतर, मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या पट्ट्यात तिचा हात ओढला गेला. मी तिथला फौजदार होतो.

पंचनाम्याला गेलो. जिनिंगचा मॅनेजर म्हणाला, मजूर ठेकेदार कंपनीचे. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, यंत्र भाड्याचं, तिसऱ्याच कंपनीचं. त्या कंपनीचा माणूस म्हणाला, आम्ही यंत्र देतो, चालवत नाही. तीन कंपन्यांच्या तीन पाट्या, आणि बाई कोणाचीच नाही! मालक ठरल्याशिवाय गुन्हा कोणावर लावायचा आणि तिनं भरपाई कोणाकडे मागायची?

संध्याकाळी तिच्या सोबतीची एक मजुरीण ठाण्यात आली. "पट्ट्यावरची जाळी कालच काढली साहेब. मशीन बंद न करता अडकलेला कापूस काढता यावा म्हणून. हुकूम कोणाचा, ते मले नाही माहीत."

मुकादमाला बोलावलं. दमदाटीनं माणूस मिटतो, हा माझा अनुभव. चहा दिला, घरचं विचारलं. नुकतंच त्याच्या पोरीचं लग्न झालं होतं.

"लग्नाले सुट्टी कोणाले मागितली?"

"शेठले."

"कोणत्या?"

"तेलगिरणीवाल्या शेठले. दुसरं कोणाले मागणार?"

दाराशी उभा हवालदार शांतपणे म्हणाला, "झालं न मुकादम. आता जाळीचंबी सांगून टाका."

तेलगिरणीचं नाव तोवर एकाही जबाबात नव्हतं. मॅनेजरला आणि यंत्रवाल्याला वेगवेगळं बसवून तोच प्रश्न केला, उत्तर तेच. मग मुकादमानं सगळं सांगितलं. दर बाजारी तिघं त्या शेठच्या ओसरीवर जमत, आठवड्याची कामं तिथं ठरत. जाळी काढायचंही आदल्या बाजारी तिथंच ठरलं होतं. शेठ आरोपी झाला. भरपाई मिळाली. हात गेला तो गेलाच.

निवृत्तीनंतर जपानच्या उद्योगसमूहांविषयी वाचलं. तिथं कंपन्या एकमेकींचे शेअर धरून असतात, मधोमध एक बँक, प्रमुख ठरल्या दिवशी एकत्र बसतात. वाचताना ती ओसरीच आठवली. पण तिथं कोण कोणाच्या गोतावळ्यातला, हे बाजाराला ठाऊक असतं म्हणे. एकत्र असण्यात पाप नाही. नफ्याला एक आणि जखमेला वेगळं व्हायचं, ही मात्र शुद्ध बदमाशी आहे, आणि कायदा पाटी वाचून परत फिरतो म्हणून ती खपते.

तुमच्या गावच्या कारखान्यातही अशा पाट्या असतील. उद्या फाटकाशी जा. आतल्या माणसाला विचारा, सुट्टी कोणाला मागतोस? जे नाव येईल ते त्याच्या बायकोपोरांनाही सांगून ठेवा, अपघात व्हायच्या आधी.