रिकाम्या ढिगाऱ्यात

आल्प्समधल्या आपल्या खोऱ्यातून लादिना लोकांना स्कीवरून डोंगरात न्यायची. तिचा भाऊ फ्लुरिन तिचं "नको जाऊस" हसण्यावारी नेऊन असाच एका उतारावर गेला आणि हिमाखाली गाडला गेला. तेव्हापासून बर्फ तपासायला ती खड्डा खणू लागली, की मागून त्याचं हसू ऐकू यायचं.

त्या सकाळीही आलं. तिनं खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा खांब मोकळा केला आणि वर फावडं ठेवून हलकेच थाप मारली. आतला साखरेसारखा भुसभुशीत थर ढासळला आणि वरचा अख्खा तुकडा तिच्या पायाशी घसरला.

"परत फिरायचं," ती म्हणाली.

"अगं, एवढं लख्ख ऊन पडलंय! म्हातारी झालीस की काय?" बरोबर आलेला दुरी सुतार कुरकुरला. पण फिरला.

ते कड्याआड पोचतात न पोचतात तोच धप्प असा दबका आवाज झाला आणि सगळा उतार खाली आला. त्याखाली कुणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी लादिनानं पाठपिशवीतून गाडलेल्यांना शोधायची घडीची लांब सळई काढली आणि ढिगाऱ्यात खुपसत ती हाका मारू लागली, "फ्लुरिन! अरे फ्लुरिन!"

दुरीनं तिला अडवलं नाही. त्यानंही आपली सळई काढली आणि तो तिच्या शेजारी उभा राहून शोधू लागला.