तिसऱ्या पिकअपचा गोडवा

मुरबाडमधल्या लग्नांच्या हळदीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा एक गृहस्थ एकदा माझ्या एसटीडी बूथवर बसून पिकअप पारखत होता. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज पकडणारी पट्टी. कल्याणच्या दुकानदाराला तो फोनवरच एकेक वाजवून दाखवायला लावत होता आणि डोळे मिटून ऐकत होता.

"पहिला लय चिरका. दुसऱ्यात दमच नाय."

तिसऱ्याची पाळी आली आणि लाइन कटली. मीटर थांबलेलं बघून मी सांगायला गेलो, तर त्याने हातानेच मला गप्प केलं. चांगली दोन मिनिटं मान डोलवून म्हणाला, "याला बोलतात गोडवा!"

दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन त्याने तोच आणला. अजून कुठल्या हळदीत भेटला की मला ऐकवतो, "फोनवरच वळखला होता मी."