पाठ करून केलेलं वाचन

गावात केबल आली त्या सुमारास माझी अक्षरं पळायला लागली. डाळीतला खडा दिसेना, सुईत दोरा जाईना. पेपर लांब धरला तर मथळा तरी कळायचा, जवळ आणला की सगळं पुसट. माझ्याकडेच राहणारे माझे बाबा काचबिंदूने आंधळे झाले होते, आणि हे रक्तातून उतरतं असं मी ऐकलं होतं. झालं! आता माझी पाळी, असं मी धरूनच चालले.

डॉक्टरकडे गेले का? छे! त्याने तोंडावर सांगितलं असतं तर? नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

पण वटारच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला बायबलमधलं दुसरं वाचन माझ्याकडे असायचं. मग मी युक्ती काढली. शनिवारी लेकीला म्हणायचे, "मोठ्याने वाच गं, उच्चार सुधारतील तुझे," आणि भाकऱ्या थापता थापता सगळं पाठ करायचे. मिस्साला पुस्तकावर नुसतं बोट फिरवायचं. लोक म्हणत, काय छान वाचते! मला रडू यायचं.

एका रविवारी पहिलं वाचन करणारी बाई तापामुळे आलीच नाही. सिस्टर म्हणाल्या, "आज दोन्ही तुम्हीच करा." माझं तर दुसरंच तेवढं पाठ होतं. पुढे जाऊन उभी राहिले तर पानावर नुसत्या मुंग्या. घरी पुस्तक लांब तरी धरता येतं, इथे ते स्टँडवर. मागे सरावं तर माइक सुटतो. कुणीतरी खोकलं. शेवटी तोंडात होतं तेच बाहेर पडलं, पहिल्याच्या जागी दुसरं वाचन. स्तोत्र झालं, पुन्हा उभी राहिले आणि पुन्हा तेच म्हटलं! फादरांनी मान वर करून पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाबा पहिल्याच बाकावर होते. घरी जाताना माझा दंड धरून म्हणाले, "दिसत नाही ना तुला?"

वाडीच्या कुंपणाशी उभी राहून मी ढसाढसा रडले. ते एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टर. मी येतो बरोबर."

डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, उजेड मारून आत पाहिलं. मी मनात 'नमो मरिये'ची प्रार्थना घोकत होते. मग त्यांनी माझ्या नाकावर जड फ्रेम ठेवली, तिच्यात भिंग सरकवलं आणि बारीक अक्षरांचा कागद हातात दिला. वाचता आलं! अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"बाई, ही चाळीशी," ते म्हणाले. "वयाने डोळ्यातलं भिंग कडक होतं, मग जवळचं दिसत नाही. सगळ्यांचंच होतं. काचबिंदू नाही तुम्हाला. पण वडिलांना आहे, तेव्हा दरवर्षी तपासून घ्या. लवकर सापडला तर औषधाच्या थेंबांनी आवरतो."

बाहेर बाकावर बसलेल्या बाबांना हे सांगता सांगता मला हसू आलं आणि मग एकदम रागच आला. "थेंबांनी आवरतो म्हणे! मग तुम्ही का नाही गेलात वेळेवर? काय झोपला होतात?"

"कडेचं दिसेनासं झालं तेव्हाच कळलं होतं गं," बाबा म्हणाले. "पण तुझं लग्न जुळत होतं. बापाचे डोळे जाताहेत असं कळलं असतं, तर त्यांनी तुला पसंत केलं असतं का?"

त्यांचा हात धरून मी तिथेच बाकावर बसले.